भिंतीचं ठिगळ

आमच्या माजघराची दक्षिणेकडची भिंत मातीची आहे. म्हणजे आत दगड आणि वरून मातीचा गिलावा. बाकीचं घर आता सिमेंटचं झालं, ढाळजेत तर पोरानं फरशीसुद्धा बसवली. ही एकच भिंत राहिली. कुणी मुद्दाम राखली असं नाही, तिच्याकडं बघायला कुणाला सवड झाली नाही इतकंच. तुळजापूर तालुक्यातलं आमचं गाव. गावात अशा भिंती असलेली घरं आता हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच उरलीत.

2022 साली पोरानं घराचं वायरिंग नवीन करून घेतलं. वायरमननं मशीन लावून त्या भिंतीत उभी चर मारली. सिमेंटच्या भिंतीत मशीन चर पाडतं, मातीच्या भिंतीत ते पोपडा पाडतं. दोन बोटं रुंदीची चर पाहिजे होती, तिथं परातीएवढा गिलावा धाडदिशी खाली आला. मग गवंडी बोलावला. त्यानं सिमेंट-वाळू कालवून तासाभरात भगदाड बुजवलं, वरून थापी फिरवून गुळगुळीत केलं आणि पैसे घेऊन गेला. मी तिथंच उभा होतो. पोरानं मला विचारलं होतं आणि मी "करा" म्हणालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याचा बोल गवंड्याला लागायला नको.

त्या वर्षी पंचमीला बहीण आली. लग्न झाल्यापासून तिची एक सवय आहे. माहेरी आली, पाय धुतले, पाणी प्याली की ती माजघरात त्याच भिंतीला पाठ लावून बसते. पूर्वी समोर आई चुलीपाशी असायची आणि ही भिंतीला टेकून तिला सासरचं सगळं सांगायची. त्या दिवशी ती टेकायला गेली आणि थांबली. सिमेंटच्या त्या तुकड्यावर तिनं हात फिरवला. बोलली काहीच नाही. उठली आणि ढाळजेत खुर्चीवर जाऊन बसली.

आई 2019 च्या थंडीत गेली. त्या भिंतीवरचं शेवटचं सारवण तिच्या हातचं होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण "करा" म्हणताना ते मनात आलं नाही. बहिणीचा हात सिमेंटवर फिरताना बघितला तेव्हा आलं.

ते सिमेंटही काही टिकलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्या तुकड्याच्या कडेनं पांढरा लोणा फुटला. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज यायचा. मातीची भिंत पावसाळ्यात जमिनीतली ओल ओढून घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते, तिचं तसं चाललेलं असतं. मध्येच सिमेंटचा तुकडा बसवला की त्या जागी ओल कोंडते. मागची माती मऊ पडते, सिमेंट तसंच कडक राहतं, दोघांचं जमत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात एका दुपारी तो तुकडा आपण होऊन खाली पडला आणि जाताना आजूबाजूचा दोन वीत चांगला गिलावाही घेऊन गेला. आता भगदाड चांगलं बैलगाडीच्या चाकाएवढं झालं.

पोरगा म्हणाला, "आता सगळीच भिंत सोलून सिमेंट करून टाकू." सून म्हणाली, वरून पांढरा रंग दिला की उजेड पडेल. दोघांचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हणालो, पुढच्या पंचमीपर्यंत थांबा, मी बघतो.

शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. भिंत कधी केली नव्हती. आमच्याकडं भिंत रचायची गवंड्यानं आणि सारवायची बायांनी. गड्यानं फक्त गाडीनं माती आणून टाकायची. म्हणून आधी पडलेल्या ढेकळांपाशी बसलो. एक ढेकूळ काचेच्या बरणीत घातलं, पाणी ओतलं, खळखळून हलवलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला बारीक वाळू, तिच्यावर राखाडी गाळ, वर गढूळ पाणी आणि पाण्यावर तरंगणारा गव्हाचा भुसा. भुशात काही लांब पिवळट धागे होते. ते बोटांत घेऊन ओढले तर तुटेनात. ते अंबाडीचे होते. आजोबा अंबाडीची चऱ्हाटं वळायचे, त्याचा उरलेला चोथा मातीत गेला असणार. भिंतीला तडा जाऊ नये म्हणून मातीत धागा घालायचा, ही अक्कल फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचाच गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवत घातलेलं आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडले, हे 2016 साली संशोधकांनी छापलं. तिथं राजांनी केलं, इथं माझ्या आजोबानं. हाताशी जे धागेदार झाड होतं ते घातलं.

त्याच ढेकळात काकणाचा एक तुकडाही निघाला. शंखाचा, नखाएवढा. हे ऐकून कुणाला नवल वाटेल, पण आमच्या भागात नवल नाही. गिलाव्याची माती शेतातली नसते. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, अशी आपल्याकडं गावाची वाटणीच आहे. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिची भिंत केली तर उन्हाळ्यात भेगाळते. पांढरी तशी नाही. शेकडो वर्षं माणसं जिथं राहिली, चुलीची राख टाकली, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, त्या सगळ्याची होऊन होऊन पांढरी झालेली. जुनं, उठलेलं गावठाण असलं की त्या टेकाडाची माती लोक गाड्या भरभरून आणायचे, घराच्या माळवदाला आणि भिंतीला. आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीत खापरं, मणी, मातीच्या बाहुल्या किती निघाल्या! कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर त्या गोळा केल्या, त्यांचं तिथं आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी टेकाड खणलं, तर तीन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या भिंतींची घरं निघाली. म्हणजे आमच्या भिंतीत आधीच्या कुणाच्या तरी भिंतीचीच माती आहे, आणि त्यात कुणाचं तरी काकण. तो तुकडा मी देवळीत ठेवलाय.

आता भगदाडाच्या कडेचं सांगतो, कारण मला खरा धडा तिथं मिळाला.

गिलावा जिथं तुटला होता तिथं त्याची कड उभी दिसत होती. दगडाला लागून दोन बोटं जाडीचा मुळातला गिलावा, आणि त्याच्यावर सारवणाचे थर. कागदासारखे पातळ, एकावर एक. दर सणाला आमच्या बाया ती भिंत सारवत आल्या, प्रत्येक सारवणाचा एक थर. दाभण घेऊन मी मोजायला बसलो. साठाच्या पुढं गेलो आणि मग डोळ्यांपुढं ते एक व्हायला लागले. कांद्याच्या पापुद्र्यासारखं. पण काही थर मात्र असे होते की न मोजता ओळखू आले.

सगळ्यात आत काळपट धुराचे थर. ते आजीच्या काळातले, निजामाच्या राज्यातले. रझाकारांच्या धामधुमीत आमचं घर काही महिने कुलूप लावून सोलापूरकडं गेलं होतं, असं आजोबा सांगायचे. त्या वर्षी भिंतीला कुणाचा हात लागला नसणार. पण न लागलेल्या हाताचा थर कुठून दिसणार? 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, मग माणसं परतली. बहुतेक परतल्यावर आजीनं आधी भिंत सारवली असेल. बायांचं तसंच असतं.

त्याच्या वर मध्येच पांढऱ्या भुकटीच्या बारीक रेघा होत्या, तीन की चार. त्या मला झटकन ओळखू आल्या. मलेरियाच्या फवारणीच्या. 1953 पासून मलेरिया हटवायची सरकारी मोहीम सुरू होती, ती मी लहान असताना म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटीही चालू होती. खाकी कपड्यातली माणसं पंप घेऊन यायची, घरातलं सगळं सामान अंगणात काढायला लावायची आणि भिंतींवर डीडीटी मारून जायची. दारावर तारीख लिहायची. जाताना बजावून सांगायची, भिंतीला हात लावायचा नाही, सारवायचं नाही, मच्छर भिंतीवर बसला की मरतो. ती माणसं गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत आमच्या बाया शेण कालवायला बसायच्या. वास यायचा ना! आणि सण तोंडावर. मी स्वतः पाहिलंय, आई हसत हसत सारवत होती आणि म्हणत होती, "मच्छर मरंल न्हाय तर जगंल, पन मला ह्या वासात भाकर गोड लागंना." ती सरकारी औषधं आमच्या भिंतीत अजून गाडलेली आहेत.

मग एक थर असा की त्यात भुसाच नाही. रंगही वेगळा, राखेसारखा, आणि वाळलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा. हा 1972 चा. मी तेव्हा दहा वर्षांचा. पाऊस नाही, कडबा नाही, जनावरं विकली. घरात गाईबैल नाही म्हणजे शेण नाही. भुसा होता तो जनावरांनीच आधी खाल्लेला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, रस्त्याचं काम होतं. येताना सुकडी आणायची, आम्ही वाट बघत असायचो. अमेरिकेची तांबडी मिलो खाल्लेली चव अजून तोंडात आहे, सांगण्यासारखी नाही. तरीही त्या दिवाळीला तिनं भिंत सारवली. नुसती माती आणि राख पाण्यात कालवून. ती भेगाळली, तर भेगाळू दे. मला हे काही आठवत नव्हतं. भिंतीनं सांगितलं तेव्हा कळलं.

एक निळा थर होता, चुन्यात नीळ घालून दिलेला. तो बहिणीच्या लग्नाचा. आणि मग तडा. वरून खाली, आतापर्यंतचे सगळे थर चिरत आलेला. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या आतबाहेर जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून साठेक किलोमीटर. आमच्या गावात जीव गेला नाही, तिकडं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हे सांगायलाच पाहिजे, कारण मी इथं मातीच्या भिंतीचं कौतुक करत बसलोय. तिकडं माणसं मेली ती अशाच घरांत. हातभर जाड दगडाच्या भिंती, दगडांत नुसता चिखल, भिंतीची आतली फळी वेगळी आणि बाहेरची वेगळी, दोन्ही बांधून धरायला आरपार दगड नाही. आणि डोक्यावर माळवदाची हात-दीड हात पांढरी माती. झोपेतल्या माणसावर ते आलं तर काय राहणार? नंतरची दोन-तीन वर्षं आमच्या भागात माळवदाखाली कुणी झोपत नव्हतं. मीही माळवद उतरवलं, वर पत्रे टाकले, तीन भिंती पाडून सिमेंटात बांधल्या. ही चौथी भिंत मधली, तिच्यावर आता भार नाही, म्हणून राहिली. तडा आईनं स्वतः चिखलानं भरला. तिनं तो कसा भरला ते मला आता कडेला बघायला मिळालं: आधी तडा रुंद केला, आत ओल दिली, मग चिखल दाबला. गवंड्यानं सिमेंट भरताना यातलं काही केलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं बघून मी कामाला लागलो. आणि पहिल्या झटक्यात चुकलो. गावठाणाचं टेकाड आता खणू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे; म्हणून शेतातली माती वाळू मिसळून वापरली. चार दिवसांत तिला अशा भेगा पडल्या की बोट जावं. सगळी खरवडून काढली. मग लक्षात आलं, माती तर समोरच पडलीय. भिंतीवरून पडलेला गिलावा मी पोत्यात भरून ठेवला होता, आणि मागच्या गोठ्याचं जुनं माळवद ढिगाऱ्यासारखं पडून होतं. तीच पांढरी, आजोबानं आणलेली. ती चाळली, खड्ड्यात भिजत घातली, गव्हाचा भुसा टाकला. अंबाडी आता कोण लावतंय, गावात चौकशी केली तर एकीनं भाजीसाठी बांधावर चार झाडं ठेवली होती, त्यांच्या वाळल्या काड्या मिळाल्या. काड्या कुजवून त्यांची साल काढली आणि बोटाएवढे तुकडे करून चिखलात घातली. रोज एकदा पायानं तुडवायचं, पाणी मारायचं. आठ-दहा दिवसांत चिखलाला वास सुटतो, आंबूस. तो वास आला की चिखल हाताला लोण्यासारखा लागतो.

भगदाडाची कड मी सरळ कापली नाही. सरळ कड लपत नाही, रेघ दिसते. सुटं होतं तेवढं पाडलं, बाकी वेडंवाकडंच राहू दिलं. कडेखाली आतून थोडं कोरलं, म्हणजे नवीन चिखल जुन्याच्या पोटात शिरतो. दोन दिवस हळूहळू पाणी शिंपडलं. पहिला थर दिला, त्यावर काडीनं ओरखडे काढले, तो वाळला. दुसरा थर दिला, तो भिंतीच्या पातळीपेक्षा चारेक कागद कमीच ठेवला, सारवणाला जागा म्हणून. रंगाचं एक आहे: ओला चिखल बघून रंग जुळवायला जाल तर फसाल. मी फरशीच्या तुकड्यांवर पाच-सहा नमुने लावून उन्हात वाळवले, कुणात शेण जास्त, कुणात कमी, एकात चिमूटभर राख. वाळल्यावर भिंतीशी धरून बघायचे. राखेचा जुळला.

मग वरचं सारवण. आईच्या भिंतीवर बोटांचे फराटे आहेत, सगळ्या भिंतीवर, पंख्यासारखे, एकाला एक लागून. हात टेकवून मनगट फिरवलं की चार बोटांचा एक अर्धगोल उठतो. ती काही नक्षी म्हणून काढलेली नाही, सारवताना हात फिरतो तसा उमटलेला. मीही तसाच हात फिरवला. दुपारी बघितलं तर काय सुरेख जुळलं! सुनेला बोलावलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "मामा, कळतच नाही की."

आमच्या माजघराचं दार मावळतीला. संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन दारातून आत येतं आणि त्या भिंतीला घासत जातं. त्या घासत्या उन्हात ठिगळ असं उठून दिसलं की डोळ्यांत खुपावं. माती तीच, रंग तोच, उंचीही तीच. तरी सगळी भिंत एकीकडं चाललीय आणि ठिगळ दुसरीकडं. कशामुळं ते काही कळेना. पुसून पुन्हा केलं, दुसऱ्या दिवशी तेच. फराटे मोठे झाले वाटून तीनच बोटं वापरली. बारीक झाले, पण दिसायचे वेगळेच.

तिसऱ्या दिवशी माझी धाकटी काकी काठी टेकत आली. ऐंशी ओलांडलेली, आईची जाऊ. दोघींनी ह्याच घरात एका चुलीवर बारा वर्षं काढली. ती उंबऱ्यावर बसली आणि माझं चाललेलं बघत राहिली.

"बापू, काय करायलास?"

"आईसारखं जमंना झालंय काकी."

"कसं जमंल? हात उलटा फिरवायलास तू. तुजी आई डावरी न्हवती का?"

आई डावखुरी होती. मला माहीत होतं, म्हणजे कधीतरी माहीत होतं. पण तिला भाकरी करताना, वाढताना, खुरपताना मी उजव्या हातानंच बघितलं होतं. काकी सांगायला लागली. आई लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. डाव्या हातानं भाकर थापायची, डाव्या हातानं वाढायची. माझी आजी करड्या शिस्तीची. डाव्या हाताचं अन्न देवाला चालत नाही, पाहुण्याला चालत नाही. आजीनं तिचा डावा हात पदरात बांधायला लावला, महिनाभर. चुकून सुटला की पळी बसायची. आईचा हात मग उजवा झाला.

"पन सारवताना डावाच चालायचा तिचा," काकी म्हणाली. "भिंतीकडं तोंड केल्यावर सासूला काय दिसतंय? पाट दिसती निस्ती."

मी काही बोललो नाही. भिंतीकडं बघत राहिलो. त्या तिरप्या उन्हात सगळी भिंत डावीकडून वर जाऊन उजवीकडं वळत होती, खालपासून वरपर्यंत. मग कडेच्या थरांकडं पुन्हा बघितलं. एका ठिकाणी वरचा पापुद्रा निघाला होता, त्याच्या खालच्या थरातही तसंच. त्याच्याही खाली तसंच. बऱ्याच आत गेल्यावर एका थरात फराटे दुसरीकडं वळलेले दिसले, रुंद बोटांचे. ते आजीचे असणार. म्हणजे सून घरात आल्यापासून वरच्या सगळ्या थरांत ती डावीच होती, आणि पळी मारणाऱ्या सासूच्या डोळ्यांसमोर ती भिंत रोज उभी होती. आजीला दिसलं नसेल का? की दिसूनही ती गप्प राहिली? काकीला विचारलं. ती म्हणाली, "आता कुणाला इचारतोस?"

मग मी डाव्या हातानं केलं. सोपं नाही. साठीनंतर डावा हात ऐकत नाही, चिखल बाजूला जातो, फराटा मध्येच तुटतो. आईला उजव्या हातानं पहिली भाकर थापताना असंच झालं असेल. सरावाला मी मागच्या गोठ्याची भिंत घेतली. चार दिवस गोठा सारवला, म्हशीलासुद्धा नवल वाटलं असेल. काकी रोज यायची, बसून सांगायची: कोपर हलवू नको, मनगट हलव, खालनं वर जा, बोटं ओली ठेव. पाचव्या दिवशी माजघरात हात घातला. तीन बोटं, डावा हात. संध्याकाळी ऊन आलं तेव्हा काकीनं मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "चालंल." तिच्या तोंडून यापेक्षा मोठा शब्द आम्ही कधी ऐकलेला नाही.

उठता उठता तिनं आणखी एक सांगितलं. म्हणाली, बायांनी कधी ठिगळ जुळवत बसलेलं नाही. एका जागी पडलं तर तिथं चिखल भरायचा आणि सगळी भिंत एका हातानं सारवून काढायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग ठिगळ कुठलं आणि भिंत कुठली! इतकं सोपं होतं ते. "मग आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो. "तुला ती झाकायची न्हवती म्हून," ती म्हणाली.

पंचमीला बहीण आली. पाय धुतले, पाणी प्याली, आत आली. मी सांगितलं नव्हतं काही, पोरांनाही गप्प बसवलं होतं. तिनं भिंतीकडं बघितलं, जवळ गेली, हात ठेवला आणि खालून वर फिरवत नेला. चांगला मिनिटभर. नेमकी माझ्या तुकड्यावर येऊन थांबली.

"हितं दादा तुझी बोटं," ती म्हणाली. "जाड लागतात."

मी तिला डाव्या हाताचं सांगितलं. तिला ते माहीत होतं. आई तिला न्हाऊ घालताना डाव्या हातानं केस धुवायची म्हणे, न्हाणीत कुणी नसायचं म्हणून. मला ह्या वयात कळलेली गोष्ट तिला चौथ्या वर्षापासून माहीत.

मग ती भिंतीला पाठ लावून बसली. चहा झाला. जाताना म्हणाली, माती सुटायला लागलीय दादा, वरनं पोपडे धरलेत, पुढच्या पंचमीला मी चार दिवस आधी येते, आपण सगळी भिंत सारवून काढू. ठेवलीस तर आणखी दोन पावसाळ्यात आपोआप पडंल.

तिचं बरोबर आहे. मी अजून हो म्हणालो नाही. पांढरी मात्र चाळून ठेवलीय, दोन पोती.